जोडले, उडाले, पण उमगले का?

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरचा संच जोडताना विद्यार्थ्याचा हात तयार होतो, हे आम्हांस मान्य आहे. तक्रार आहे ती सोबतच्या पुस्तिकेबद्दल. कोणता स्क्रू कोठे बसवायचा, हे ती नेमके सांगते. का, ते सांगत नाही.

उदाहरण घेऊ. हेलिकॉप्टर पुढे झुकवायचे तर पाते मागे आल्यावर त्याचा कोन वाढवावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे ९०° आधी, पाते बाजूला असतानाच वाढवावा लागतो. कारण फिरत्या पात्याला दिलेल्या रेट्याचा परिणाम पाव फेरी उशिरा दिसतो. १९७०च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी अशी हेलिकॉप्टरे व्यवहारात आणली, तेव्हा तोल सावरणारा फ्लायबार नावाचा दांडा निदान डोळ्यांना दिसे. आजच्या बहुतेक संचांत ते काम इलेक्ट्रॉनिक जायरो करतो. मग 'का' आणखीच झाकले जाते.

म्हणून शिक्षकांनी आधी सायकलचे सुटे चाक आणावे. एकाने आस दोन्ही टोकांना धरावा, दुसऱ्याने चाक जोरात फिरवावे. आता आस तिरका करून पाहा. चाक भलतीकडेच वळू लागते. यावर वर्गात चर्चा झाल्यावरच संचाचे खोके उघडावे.