फर्नचे दोन नकार

जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (2017) या पुस्तकातली लिंडा मे ट्रेलरमध्ये राहते, कारण अमेरिकेत तिच्या तुटपुंज्या पेन्शनमधून घरभाडं निघत नाही. ॲमेझॉनच्या गोदामात हंगामी राबणाऱ्या अशा वृद्धांसाठी भिंतीवर फुकट वेदनाशामक गोळ्या ठेवलेल्या असतात. हा तपशील वाचकाची पाठ सोडत नाही. क्लोई झाओ यांच्या चित्रपटात (2020) त्या गोळ्या दिसत नाहीत. लिंडा मे आहे, स्वतःच्याच भूमिकेत, पण कडेला. मध्यभागी आहे कल्पित विधवा फर्न. (मॅक्डॉर्मंड यांचा अभिनय अस्सल, व्हॅनमधल्या बादलीच्या प्रसंगात तर फारच.) बहीण आणि मित्र फर्नला घर देऊ करतात, ती नाकारते. त्या दोन नकारांनी भाड्याचा प्रश्न स्वभावाचा होऊन बसतो. मागे सूर्यास्त असतोच.