उघड्या घराचा हिशेब

ख्रिस्ती माणसाने आपला दिवस कसा वाटावा, कोणाच्या मागणीस होकार द्यावा आणि कोठे नम्रपणे नकार द्यावा, हे शिकविणारी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात. त्यांत वेळेचे तक्ते असतात, कामांच्या याद्या असतात आणि सल्ल्याच्या शेवटी बायबलातील एखादे वचन असते. ह्या पुस्तकांचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती वाचताना एक उणीव सारखी जाणवते. त्यांतला वाचक एकटा असतो. त्याची वेळ म्हणजे जणू त्याच्या खिशातील नाणी. ती त्याने जपून खर्चावीत, एवढाच प्रश्न! प्रत्यक्ष संसारात वेळ अशी एकट्याची नसते. एकाने उदारपणे दिलेली घटका पुष्कळदा दुसऱ्याच्या पदरातून गेलेली असते. हे सत्य ज्या मराठी पुस्तकात सर्वांत स्पष्ट उमटले आहे, ते ह्या विषयावर म्हणून लिहिलेलेच नाही. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' हेच ते पुस्तक होय.

१९३४ सालापासून पुढे चार भागांत निघालेले हे आत्मचरित्र पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतून वाचले जात आहे. त्यातील विनोदाची, साध्या बोलीची आणि निर्मळ मनाची स्तुती इतकी झाली आहे की तीत आम्ही भर घालण्याचे कारण नाही. मात्र ह्या स्तुतीतील एक सूर आम्हांस मान्य नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका भोळ्या बाईने आठवेल तसे सांगितले आणि ते आपोआप रसाळ उतरले, असा तो सूर आहे. आमच्या मते 'स्मृतिचित्रां'ची लेखिका भोळी नाही. ती हिशेब ठेवणारी गृहिणी आहे. फक्त तिने हिशेबाची वही हसत हसत वाचून दाखविली आहे.

हा हिशेब कशाचा, हे समजण्यासाठी पुस्तकाच्या आरंभीचे घर आणि नंतरचे घर शेजारी ठेवून पाहावे. आरंभीचे घर वडिलांचे. त्यांच्या सोवळ्याने साऱ्या कुटुंबास वेठीस धरलेले. बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय चालत नसे. येथे उंबरठा हाच धर्म आहे. जग बाहेर ठेवावयाचे, आणि त्यासाठी घरातल्या बायकामुलांचे तासच्या तास धुण्यापुसण्यात जावयाचे. पुढे नारायण वामन टिळकांचे घर येते, आणि तेथे उंबरठाच नाहीसा झालेला दिसतो. येईल तो पाहुणा, भेटेल तो अनाथ, मागेल त्याचा पैसा. घरधनी केव्हा बाहेर पडेल आणि केव्हा परतेल ह्याचा नेम नाही. लग्नानंतरच्या आरंभीच्या वर्षांत तर न सांगता निघून जाणे हे त्यांच्या अंगवळणीच पडले होते. दोन घरे एकमेकांच्या अगदी उलट. तरीही दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या चित्रांतून ती न सांगता दिसते: नियम पुरुषाने ठरवावयाचा आणि त्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या बाईने द्यावयाची. वडिलांच्या मर्यादांनी जसा तिचा दिवस खाल्ला, तसाच पतीच्या अमर्याद औदार्यानेही खाल्ला.

येथे टिळकांचे चाहते म्हणतील की ख्रिस्ताच्या अनुयायाने दार लावावयाचे नसतेच. ज्याने सर्वस्व द्यावयाचे तो घड्याळ काय पाहणार? हा आक्षेप भावनेस पटणारा असला, तरी शुभवर्तमानांच्या कसोटीस उतरत नाही. मार्काने वर्णिलेली एक पहाट आठवावी. आदल्या संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले होते. पहाटे येशू उठून एकांतात प्रार्थनेस गेला. शिष्य शोधीत आले, सर्वजण तुझा शोध करीत आहेत म्हणाले. पण तो त्या गर्दीकडे न परतता पुढच्या गावांकडे निघाला. त्या गावात दुखणेकरी उरले नसतील असे नाही. तरीही आपले काम कोणते हे दाराशी जमलेल्या लोकांनी ठरवावयाचे नाही, एवढे त्याने दाखवून दिले. दहा कुमारींच्या दृष्टान्तातील शहाण्या पाच जणी आपले तेल वाटून देण्याचे नाकारतात, आणि दृष्टान्त त्यांना दोष देत नाही. दयेचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो शोमरोनी तरी काय करतो? जखमी माणसाच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकास दोन नाणी देतो, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे सांगतो आणि आपल्या वाटेने जातो. तो तेथेच राहिला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाच्या वेळेचा त्याने मोबदला दिला. दुसऱ्याचे श्रम त्याने फुकटात धर्मास लाविले नाहीत.

टिळकांच्या दातृत्वातील खोट येथे आहे. ते कमी देत होते असे कोण म्हणेल? त्यांनी स्वतःस तर दिलेच. परंतु स्वतःबरोबर पत्नीचे दिवसही देऊन टाकले, आणि पुष्कळदा तिला न विचारता. पाहुण्यास 'या' म्हणावयास क्षणही पुरतो. त्याच्या पंगतीस सारी दुपार लागते. 'या' म्हणणारा एक आणि दुपार घालविणारी दुसरी, अशा वेळी त्या आतिथ्याचे पुण्य कोणाच्या नावावर मांडावयाचे? १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ह्या आपल्या ध्येयास वाहून घेतले. त्या त्यागाची थोरवी आम्ही मानतो. पण पगार सोडता येतो, त्यामुळे घरातील भूक सुटत नाही. तिची तरतूद करणे कोणाला तरी भागच असते.

तथापि टिळकांविरुद्ध निकाल देऊन मोकळे होणे हेही अन्यायाचे होईल, आणि लक्ष्मीबाईंनी ते कधीच केले नाही. ज्या घरास कडी नव्हती त्याच घरात बालकवी ठोंबऱ्यांस आसरा व माया मिळाली. तक्त्याप्रमाणे चालणाऱ्या घरात त्या लहरी पोराची सोय कोणत्या रकान्यात लागली असती? शिवाय टिळकांना एक मर्यादा मात्र पुरती कळली होती, आणि ती सर्वांत अवघड होती. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई दूर राहिल्या आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. १९०० साली त्यांनी दीक्षा घेतली ती स्वतःच्या मनाने. जो पुरुष पत्नीची दुपार न विचारता देऊन टाकीत होता, त्याने तिच्या श्रद्धेच्या उंबरठ्याशी मात्र वाट पाहिली. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या, हे दाखविणे म्हणजेच चरित्रलेखन. लक्ष्मीबाईंचे यश येथे निर्विवाद आहे.

आता त्यांच्या स्वतःच्या मर्यादेविषयी. सोवळ्याची भिंत त्यांनी पुढे स्वतः विचार करून पाडली. परंतु भिंत पाडताना दारही काढून टाकले नाही. भांडणे, रुसणे, थट्टा करणे, पैशाचा जाब विचारणे, ही त्यांची साधने होती. धर्मोपदेशक ज्यांना दोष म्हणतील त्यांतली काही ह्या घरात संसाराचे रक्षण करीत होती. त्यांचा विनोद हा ह्या साधनांतील सर्वांत सूक्ष्म. टिळकांचा एखादा अव्यवहार सांगताना त्या तक्रारीचा शब्द उच्चारीत नाहीत. प्रसंग जसाच्या तसा पुढे ठेवतात, छोट्या वाक्यात थांबतात आणि वाचक हसतो. हसून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की त्या दिवशी घरात उपाशी कोण राहिले असेल.

ह्या पद्धतीत एक दोषही आहे, तो सांगितला पाहिजे. हसू कधी कधी फार लवकर येते. अपराध्यास सुटण्यास वाट मिळते, आणि वाचक टिळकांच्या विक्षिप्तपणावर इतका लुब्ध होतो की बेरीज करावयाची विसरतो. पुष्कळ घरांत हे पुस्तक 'थोर पुरुषाची गंमतीदार बायको' म्हणून वाचले जाते, ह्याची थोडी जबाबदारी लेखिकेच्या क्षमाशीलतेवरही येते. बेरीज तिने आपल्यावर सोपविली. आपण ती टाळली.

ती टाळू नये म्हणून एकच रक्कम येथे मांडतो. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभिले आणि १९१९ साली ते वारले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. म्हणजे पतीने अर्धवट सोडलेल्या कामाची घटकाही शेवटी त्यांच्याच पदरात पडली. फरक इतकाच की ह्या वेळी ती कोणी परस्पर देऊन टाकली नव्हती. त्यांनी ती आपण होऊन दिली. १९३६ साली त्या वारल्या. शेवटच्या वर्षांत त्यांनी दोन मोठी कामे चालविली, एक पतीचे आणि एक स्वतःचे, आणि आज घरोघर वाचले जाते ते स्वतःचे.

वेळेचा विनियोग शिकू पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनी, आणि इतरांनीही, तक्ता आखण्यापूर्वी हे पुस्तक एकदा पतिपत्नींनी मिळून वाचावे, असे आम्ही सुचवितो. आपण आज कोणास किती वेळ दिला हे ज्याचे त्यास ठाऊक असते. ती वेळ कोणाची होती, हे विचारावयास दुसरे माणूस समोर असावे लागते.