रुपयाएवढा सेल

कबनूरच्या एका मागाच्या कारखान्यात दिवाणजींचा कॉम्प्युटर रोज सकाळी 1 जानेवारीच दाखवायचा, सालही जुनंपानं. बिलाची तारीख चुकायचीच, शिवाय ई-वे बिलाची साइट उघडायची नाही. साइटचं प्रमाणपत्र त्या सालात जन्मालाच आलेलं नव्हतं, ब्राउझर विश्वास कसा ठेवणार? दुरुस्तीला आलेला पोरगा पडद्याकडं बघून म्हणाला, "सेल गेलाय."

त्यानं वायर काढली, झाकण उघडलं, आधी ब्लोअरनं कापसाचं तूस उडवलं. मदरबोर्डवर रुपयाएवढी एक चकती चमकत होती: सीआर 2032. आकड्यांतच माप आलं, 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड. सुताच्या काउंटसारखं; नंबर सांगितला की वस्तू डोळ्यांपुढं उभी.

पण खरी मौज चकतीत नाही, तिच्या जिवावर चालणाऱ्या क्वार्ट्झच्या बारक्या स्फटिकात आहे. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो ना? पंधरा वेळा निम्मा करत जा, बरोबर एक उरतो. तोच सेकंद. पलीकडं माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा फेकतो तर शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागतं. हा गडी चकार शब्द काढत नाही. 1981 च्या आयबीएम पीसीत अशा घड्याळाची सोयच नव्हती, सुरू करताना तारीख हातानं घालावी लागे. बॅटरीवरचं घड्याळ 1984 च्या एटी मॉडेलात आलं.

प्लगला वीज असली की घड्याळ तिच्यावर चालतं, सेल नुसता राखणीला. आमचे दिवाणजी मात्र निघताना मेन स्विचच पाडतात. म्हणजे प्रत्येक रात्र आणि प्रत्येक सुट्टी सेलनं एकट्यानं काढायची, तीही मोजक्या मायक्रोअँपिअरवर. तशी त्यानं वर्षानुवर्षं काढली.

पोरानं नखानं कडेची पट्टी दाबली; सेल टुणकन वर आला. नवा, अधिकची खूण वर ठेवून, बसवला. ना पाना, ना सोल्डरिंग. ती स्प्रिंग ज्यानं आखली त्याला मी मनातल्या मनात दाद दिली. जुना सेल पोरानं चिकटपट्टीत गुंडाळला. लहान मुलानं गिळला तर अन्ननलिका भाजते.

मग बायॉस उघडून त्यानं विचारलं, "किती वाजले?"

दिवाणजींनी भिंतीकडं पाहिलं. "दहा वीस."

"ते पाच मिनिटं पुढं असतंय," दारातून जॉबर ओरडला, "शिफ्टवाले वेळेत यावेत म्हणून."

पोरानं सव्वादहा टाकले.