परसांतील खापरें आणि महामारी

कॅरेन्झा ल्युइस यांचा २०१६ सालीं ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला निबंध कागदपत्रांच्या संग्राहकांनीं अवश्य वाचावा. पूर्व इंग्लंडांतील ५५ वस्त्यांत शाळकरी मुलांनीं व ग्रामस्थांनीं परसांत एकेक मीटर चौरस खड्डे, दर १० सेंटिमीटरचा थर निराळा ठेवून, हौसेनें खणले. अशा २,००० हून अधिक खड्ड्यांतील खापरांवरून चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर मृद्भांड्यांचा वापर सुमारें ४५ टक्क्यांनीं घटला, असें या विदुषींनीं दाखविलें असून, १३४८-४९ च्या महामारीचा हा परिणाम होय असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नांदत्या गांवाखालची माती घरमालकाच्या संमतीविना कोणास मिळणार? हें श्रेय मोठें. परंतु खापर म्हणजे माणूस नव्हे. भांडें लांकडी वा धातूचें झालें, खतासह कचरा शेतांत जाऊं लागला, तरी परसांतील खापर कमी होतें. अर्थात् इतक्या गांवांची चाल एकदमच पालटली असें मानणेंहि कठीण. खरी अडचण निराळी आहे. खापराची कालगणना शतकाची. १३१५-१७ चा दुष्काळ आणि महामारी यांत त्यास भेद करतां येत नाहीं. तो भेद जहागिरीच्या न्यायसभांचीं दफ्तरें करतात, कारण मेलेल्या कुळांच्या नोंदी त्यांत सालवार आहेत. जेथें अशीं दफ्तरें शिल्लक आहेत, त्या गांवांचे खड्डे प्रथम त्यांशीं ताडावेत.