पाठवलेला अधिकारी : ज्युलिओ रिबेरो यांच्या कारकिर्दीचे चिकित्सक वाचन

ज्युलिओ रिबेरो यांचे ‘बुलेट फॉर बुलेट : माय लाइफ अ‍ॅज अ पोलीस ऑफिसर’ हे इंग्रजी आत्मचरित्र १९९८ साली प्रकाशित झाले. मूळ गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात ५ मे १९२९ रोजी मुंबईत जन्मलेला, १९५३ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेला, मुंबईचा पोलीस आयुक्त, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा प्रमुख, गुजरात व पंजाब या दोन राज्यांचा पोलीस महासंचालक आणि अखेरीस रुमानियातील भारताचा राजदूत अशी पदे भूषविलेला हा अधिकारी मराठी वृत्तपत्रवाचकाला चांगला परिचित आहे. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा गौरवपर असते. त्यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यावी असे काही समोर आलेले नसल्याने हा गौरव अनाठायी नाही. मात्र गौरवाच्या भाषेमुळे या कारकिर्दीने उभा केलेला मूलभूत प्रश्न झाकला जातो. संकटकाळी एक प्रामाणिक अधिकारी पाठवणे आणि ते संकट निर्माण करणारी यंत्रणा आहे तशीच ठेवणे, ही राज्यसंस्थेची सवय रिबेरो यांच्या चरित्रातून जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

आत्मचरित्राचे शीर्षक हाच या वाचनाचा पहिला टप्पा ठरतो. ‘गोळीला गोळीने उत्तर’ हा शब्दप्रयोग १९८६ नंतर पंजाबच्या संदर्भात रिबेरो यांच्या नावाला कायमचा चिकटला. आपण तो उच्चारला नव्हता, असे त्यांनी पुढील काळात वारंवार सांगितले आहे. तरीही जीवनकथेच्या मुखपृष्ठावर तेच शब्द आले. लेखक ज्या प्रतिमेशी असहमत आहे तिच्याच आधारे तो वाचकापुढे येतो, हा विरोधाभास केवळ प्रकाशनव्यवहाराचा भाग मानून सोडून देता येत नाही. ज्याला जनतेचा विश्वास हेच पोलिसाचे खरे बळ वाटते, त्याची ओळख मात्र समाजाने बंदुकीशी जोडली. ती ओळख नाकारता नाकारता त्याला वापरावीही लागली. पोलीसप्रमुखाच्या आत्मचरित्रात ‘मी’ किती आणि ‘सरकार’ किती, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

रिबेरो १९८२ च्या प्रारंभी मुंबईचे पोलीस आयुक्त झाले, तेव्हा दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप नुकताच सुरू झाला होता. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबई पोलिसांतील शिपाईवर्गाने बंड केले. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, तिचे नेते अटकेत गेले. रस्त्यावर उतरलेल्या जमावात शिपायांबरोबर गिरणी भागातील कामगारही मिसळले आणि शहरात लष्कर पाचारण करावे लागले. या घटनेकडे शिस्तभंग म्हणून पाहणे सोपे होते आणि प्रशासनाने तसेच पाहिले. वस्तुतः शिपायाचे वेतन, कामाचे अनिश्चित तास, चाळीतील दहा बाय बाराची खोली आणि वरिष्ठांच्या घरची ऑर्डर्लीची कामे यांचा तो साचलेला परिणाम होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले होते. पोलीस शिपायाच्या स्थितीचा विचार त्यांत पहिल्या अहवालापासूनच होता. मुंबईतील बंडाच्या वेळी ते अहवाल सरकारदरबारी उपलब्ध होते, एवढे येथे नोंदवणे पुरेसे आहे.

रिबेरो यांनी मुंबई सावरली. त्यांच्या कार्यकाळाबद्दल नागरिकांत आजही आदराने बोलले जाते. परंतु ‘सावरणे’ या क्रियापदाचा कर्ता एकच व्यक्ती असते, तेव्हा ती व्यक्ती गेल्यावर काय उरते, याचा विचार करणे आवश्यक ठरते. मे १९८४ मध्ये भिवंडीत उसळलेली दंगल मुंबईत पसरली, हेही त्याच कार्यकाळात घडले.

पुढील वर्षी गुजरातमध्ये हाच आकृतिबंध पुन्हा दिसतो. जानेवारी १९८५ मध्ये माधवसिंह सोळंकी सरकारने मागासवर्गीयांच्या राखीव जागा १० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर नेल्या आणि आंदोलन पेटले. त्याला जातीय व नंतर धार्मिक दंगलीचे रूप आले. एप्रिलमध्ये अहमदाबादेत पोलिसांनीच ‘गुजरात समाचार’च्या कार्यालयावर हल्ला करून ते जाळल्याचे प्रकरण घडले. ज्या दलाने कायदा राखायचा तेच बेबंद झाल्यावर दिल्लीने रिबेरो यांना तेथे धाडले. एका बाहेरच्या, निःपक्ष आणि खंबीर अधिकाऱ्याने दलाला ताळ्यावर आणावे, ही अपेक्षा होती. दल बेबंद का झाले, त्यात राजकीय नेतृत्वाचा वाटा कोणता, याची चौकशी त्या नेमणुकीत अभिप्रेत नव्हती. आग विझवणाऱ्याला घराची वीजजोडणी तपासण्याचा अधिकार नसतो, तसाच हा प्रकार.

१९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या आग्रहावरून ते पंजाबला गेले. केंद्रीय गृहखात्यात सचिव दर्जाच्या पदावर असलेल्या अधिकाऱ्याने राज्याचे महासंचालकपद स्वीकारणे ही रूढ अर्थाने पदावनती होती. ती त्यांनी पत्करली, ही गोष्ट त्यांच्या वृत्तीवर प्रकाश टाकते. त्या वर्षी १० ऑगस्टला निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, जालंधर येथील पंजाब सशस्त्र पोलिसांच्या आवारात पोलिसी गणवेश घातलेल्या हल्लेखोरांनी रिबेरो यांच्यावर गोळीबार केला. ते स्वतः व त्यांची पत्नी जखमी झाली आणि एक पोलीस मारला गेला. ऑगस्ट १९९१ मध्ये, राजदूत असताना, बुखारेस्टमध्ये त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. दोन जीवघेण्या प्रसंगांतून गेलेल्या माणसाच्या लेखनाविषयी बोलताना समीक्षकाने काही मर्यादा पाळणे योग्यच आहे. पण शौर्य आणि धोरण यांची गल्लत होऊ नये. शौर्य व्यक्तीचे असते. धोरणाचा हिशेब राज्यसंस्थेने द्यावयाचा असतो.

हा हिशेब पाहिला तर १९८६ ते १९८८ या काळात पंजाबातील हिंसाचार घटला नाही, उलट वाढला. जुलै १९८७ मध्ये लालडूजवळ बसमधील ३८ प्रवासी मारले गेले. त्याआधी मे महिन्यात बर्नाला सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली होती. रिबेरो यांना १९८७ मध्ये ‘पद्मभूषण’ मिळाले. १९८८ मध्ये महासंचालकपदी के. पी. एस. गिल आले आणि रिबेरो राज्यपालांचे सल्लागार झाले. गिल यांच्या काळात हिंसाचार अखेर आटोक्यात आला. मात्र त्याबरोबर बेपत्ता व्यक्तींचे आणि बेकायदा अंत्यसंस्कारांचे प्रश्न न्यायालयापर्यंत गेले. सामान्य चर्चेत या दोन अधिकाऱ्यांची तुलना ‘सौम्य’ आणि ‘कठोर’ अशी केली जाते. ही तुलना फसवी आहे, कारण दोघांनाही मिळालेली चौकट एकच होती : परिणाम दाखवा, पद्धतीविषयी विचारले जाणार नाही. त्या चौकटीत सौम्य अधिकाऱ्याची सौम्यता ही त्याची वैयक्तिक निवड राहते. ती व्यवस्थेची हमी होत नाही.

येथेच ‘गोळीला गोळी’ या शब्दांचा कायदेशीर अर्थ तपासावा लागतो. तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये दिलेला खाजगी संरक्षणाचा हक्क पोलिसालाही सामान्य नागरिकाइतकाच आहे. ठार मारण्याचा वेगळा परवाना गणवेशाबरोबर मिळत नाही. हल्ला होत असताना गोळी झाडणे हा हक्क आहे, पण तीच गोष्ट धोरण म्हणून जाहीर झाली की खालच्या पातळीवरील उपनिरीक्षक तिचा काय अर्थ लावील, हे कोणत्याही महासंचालकाच्या नियंत्रणात उरत नाही. याचा पुरावा पंजाबपर्यंत न जाताही मिळतो. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकींत सुमारे १३५ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देऊन चकमकीतील मृत्यूंच्या तपासासाठी सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. रिबेरो यांच्यासारखा अधिकारी जो संयम स्वभावाने पाळतो, तो नियमाने पाळायला लावण्यासाठी देशाला एवढी वर्षे लागली.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, आणि चरित्रपर लेखांत बहुधा एका ओळीत उरकला जाणारा भाग आत्मचरित्र प्रसिद्ध झाले त्याच वर्षीचा आहे. निवृत्त महासंचालक प्रकाश सिंह व अन्य यांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात १९९८ मध्ये पोलीस सुधारणांविषयी एक समिती नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद रिबेरो यांच्याकडे आले. समितीने १९९८ व १९९९ मध्ये दोन अहवाल दिले. आयुष्यभर ‘पाठवलेला’ राहिलेल्या अधिकाऱ्याला प्रथमच यंत्रणेच्या रचनेविषयी बोलण्याचा अधिकृत अधिकार मिळाला होता. तथापि समितीने सुचविलेल्या राज्य पातळीवरील उत्तरदायित्व आयोगाचे स्वरूप मुख्यतः सल्लागाराचे व शिफारशी करणारे राहिले, बंधनकारक नाही. मानवी हक्कांच्या क्षेत्रातील अभ्यासकांनी याच मुद्द्यावर तिच्यावर टीका केली, आणि ती टीका रास्त होती. यामागे सरकार काय मान्य करील याचा व्यवहारी अंदाज असू शकेल. पण सरकारने सल्ला न ऐकण्याचा अनुभव ज्याच्या गाठीशी मुंबई, अहमदाबाद व चंडीगड या तिन्ही ठिकाणचा होता, त्याच्याकडून अधिक धारदार शिफारशींची अपेक्षा करणे गैर नव्हते. पुढे २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकास किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास व कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, तक्रार प्राधिकरण इत्यादी सात निर्देश दिले व ते बंधनकारक केले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून यांपैकी काही गोष्टी कायद्यात आणल्या.

याउलट एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७० व १९८४ अशा दोन भीषण दंगली पाहिलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि ठाण्यातील पोलीस नियमितपणे एकत्र बसतील, अशी ती साधी योजना होती. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, आणि तोपर्यंत खोपडे यांची तेथून बदली झालेली होती. खोपडे यांनी हा अनुभव ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मांडला आहे. दोन पुस्तकांची शीर्षके शेजारी ठेवली तर पोलिसी लेखनाच्या दोन दिशा दिसतात. एकात अधिकारी केंद्रस्थानी आहे, दुसऱ्यात एक शहर. विशेष म्हणजे निवृत्तीनंतर रिबेरो स्वतः मुंबईच्या मोहल्ला समिती चळवळीत दीर्घकाळ राबले. सेवेत असताना जे त्यांना करू दिले गेले नाही, किंवा सुचले नाही, ते त्यांनी नागरिक म्हणून केले. चरित्रकारांनी जालंधरपेक्षा या बैठकांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. पण सतरंजीवर बसून नळाच्या आणि भोंग्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या निवृत्त आयुक्ताचे छायाचित्र मुखपृष्ठावर कोण छापणार!

मार्च २०१५ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षात, रिबेरो यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये लिहिलेला लेख देशभर गाजला. पंजाबच्या कामगिरीसाठी एका ख्रिस्ती अधिकाऱ्याची निवड झाली होती, याची आठवण देऊन आज आपण आपल्याच देशात परके झालो आहोत, अशी भावना त्यांनी त्यात व्यक्त केली. या लेखावर उठलेल्या वादात त्यातील चरित्रात्मक महत्त्व हरवले. १९८६ मध्ये हिंदूही नाही आणि शीखही नाही, ही त्यांची ओळख राज्यसंस्थेला उपयोगाची वाटली होती. जो अल्पसंख्याक म्हणून पाठवला गेला, त्याला तीन दशकांनंतर अल्पसंख्याक म्हणूनच असुरक्षित वाटावे, हा त्यांच्या आत्मचरित्रात नसलेला, पण त्याला जोडून वाचावा असा शेवटचा मजकूर होय. रिबेरो यांच्या जीवनाची मराठीत स्वतंत्र व चिकित्सक मांडणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला आरंभ जालंधरच्या गोळीबारापासून न करता, १८ ऑगस्ट १९८२ च्या मुंबईपासून आणि त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या शिपायांपासून करावा लागेल.