न उलगडलेल्या खुनांचे ग्रंथ : पुरावा आणि अनुमान

जुन्या, न उलगडलेल्या खुनांविषयीचे ग्रंथ केवळ रंजनपर म्हणून बाजूस सारण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. ती योग्य नव्हे. अशा ग्रंथाचा कर्ता दप्तरे, जबान्या, वृत्तपत्रे ही इतिहासकाराचीच साधने हाताळीत असतो. भेद एवढाच, की वाचक त्याच्याकडे अखेरीस एक नाव मागतो. या मागणीपुढे लेखक कितपत नमतो, हीच त्याच्या ग्रंथाची कसोटी होय. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील खुनांवरील वाङ्मय या कसोटीस लावून पाहणे उद्‌बोधक ठरेल.

३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या काळात झालेले पाच स्त्रियांचे खून सामान्यतः एकाच इसमाचे मानले जातात. त्यांबद्दल कोणावरही खटला उभा राहिला नाही. साधनांची उणीव तेव्हापासूनचीच आहे. गोल्स्टन स्ट्रीटवरील भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर ज्यूविरोधी दंगलीच्या भयाने पोलीस आयुक्ताच्या आज्ञेवरून पुसला गेला. त्याचे छायाचित्रही घेतले गेले नाही. ‘जॅक द रिपर’ हे नाव एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या पत्रातून रूढ झाले. परंतु ते पत्र पत्रकाराचे असावे, असे पुढे काही वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनीच नमूद केले. तात्पर्य, ज्या नावाने हे सारे वाङ्मय ओळखले जाते, ते नावच एका संशयास्पद कागदावर उभे आहे.

संशयितांच्या याद्यांची कथा याहून निराळी नाही. मेल्व्हिल मॅक्‌नॉटन या अधिकाऱ्याने १८९४ मध्ये लिहिलेल्या टिपणात तिघांची नावे आहेत. हा अधिकारी १८८९ मध्ये, म्हणजे खुनांनंतर, पोलीस खात्यात आला. माँटेग्यू ड्रुइट यास तो सुमारे ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतो. वस्तुतः ड्रुइट हा ३१ वर्षांचा बॅरिस्टर व शाळाशिक्षक होता. दुसरा संशयित ऑस्ट्रॉग हा त्या सुमारास फ्रान्समध्ये बंदिवासात होता, असे पुढील संशोधनाने दाखविले. तथापि १९६५ मध्ये टॉम कलन याने आपल्या ग्रंथात ड्रुइटलाच खुनी ठरविले. सरकारी कागद हा सरकारी असल्यानेच विश्वसनीय ठरत नाही. तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिला, हे विचारावेच लागते.

पॅट्रिशिया कॉर्नवेल हिने २००२ च्या ग्रंथात चित्रकार वॉल्टर सिकर्ट यास दोषी ठरवून प्रकरण मिटल्याचे मुखपृष्ठावरच जाहीर केले. तिची भिस्त मुख्यतः रिपरच्या नावाने आलेल्या पत्रांच्या जनुकीय परीक्षणावर आहे. येथे तर्कदोष उघड आहे. पत्र सिकर्टचे ठरले, तरी ते खुन्याचे होते हे त्याने सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेची साधने आधुनिक आहेत. अनुमानाची पद्धत मात्र जुनीच.

हॅली रुबेनहोल्ड हिच्या ‘द फाइव्ह’ (२०१९) या ग्रंथाने प्रश्नच बदलला. खुनी कोण, हे न विचारता मेलेल्या पाच स्त्रिया कोण होत्या, हे तिने विचारले. पाचांपैकी तिघी वेश्याव्यवसाय करीत होत्या यास भक्कम पुरावा नाही, असे ती म्हणते. कॅथरीन एडोजजवळ मोहरीच्या डबीत दोन गहाणपावत्या व चष्म्याचा तुटका भाग सापडला होता. खुन्याच्या शोधात निरुपयोगी ठरलेल्या अशा नोंदींतून एका जिण्याचे दारिद्र्य उभे राहते. हे या ग्रंथाचे मोठे यश होय. तथापि बहुतेकींवर त्या निजलेल्या असता हल्ला झाला, हे तिचे मत अनुमानच आहे, आणि ते मांडताना विरोधी जबान्यांस पुरेसा न्याय मिळालेला नाही. सहानुभूती हाही पुराव्याचा पर्याय नव्हे.

आपल्या वाचकास हा धोका अपरिचित नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा जणू मूळ चिठ्ठी डोळ्यांपुढे असावी, अशा खात्रीने आपण सांगतो आणि ती म्हणीतही रुळली आहे. बखरीपेक्षा अस्सल कागदास मान देण्याचा राजवाड्यांचा आग्रह अशाच खात्रीविरुद्ध होता.

मृतास आपली बाजू मांडता येत नाही. ड्रुइटवर कधी आरोपपत्र आले नाही, म्हणून त्याची निर्दोष सुटकाही होऊ शकली नाही. ग्रंथांतून मात्र तो पुनःपुन्हा दोषी ठरतो. म्हणून या प्रकारचा ग्रंथ हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटचे पान प्रथम उघडू नये. लेखकाने पुरावा कोठे संपतो ते सांगितले आहे काय, हे आधी पाहावे. जो लेखक तेथे थांबतो, त्याचे प्रकरण अनिर्णित राहील. त्याचा ग्रंथ मात्र टिकेल.