मास्टर्स-जॉन्सन यांचे कामप्रतिसाद-चक्र : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

अपसामान्य मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात लैंगिक समस्यांचा घटक बहुधा एका आकृतीपासून सुरू होतो. उत्तेजना, पठार, कामपूर्ती आणि शमन या चार अवस्थांचा चढता-उतरता आलेख विद्यार्थी पाठ करतात आणि पुढे प्रत्येक समस्या त्यातील एखाद्या अवस्थेशी जोडून लिहितात. परीक्षेसाठी ही मांडणी सोयीची आहे. पण समुपदेशकासमोर येऊन बसलेल्या व्यक्तीची अडचण समजून घ्यायला ती पुरते का, हा या टिपणाचा प्रश्न आहे. मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या उपचारात जे शहाणपण होते ते त्यांच्या सिद्धांतात उतरले नाही, आणि नंतरच्या वर्गीकरणांनी सिद्धांतच अधिक उचलला, असे येथे मांडायचे आहे.

मूळ कार्य आणि त्याचे महत्त्व

किन्से यांच्या १९४८ व १९५३ च्या अहवालांचा आधार मुलाखती हा होता. स्त्रीरोगतज्ज्ञ विल्यम मास्टर्स आणि त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया जॉन्सन यांनी अमेरिकेतील सेंट लुइस येथे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निरीक्षण केले. ३८२ स्त्रिया व ३१२ पुरुष यांच्या शारीरिक प्रतिसादांच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीची योनिजन्य कामपूर्ती तेवढी 'परिपक्व' आणि शिश्निकेतून होणारी 'अपरिपक्व', ही फ्रॉइडप्रणीत विभागणी या नोंदींपुढे टिकली नाही. असंख्य स्त्रियांच्या मनावरचे एक ओझे त्यामुळे हलके झाले. पुढील टीका वाचताना हे श्रेय विसरू नये.

सिद्धांताच्या मर्यादा

पहिली मर्यादा नमुनानिवडीची. लिओनोर टीफर यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, ज्यांना कामपूर्तीचा अनुभव आधीच येत होता अशाच व्यक्ती या अभ्यासात घेतल्या होत्या. ज्यांना चक्र पूर्ण करता येते त्यांनाच निवडायचे आणि मग 'मानवी प्रतिसाद असे चक्र पूर्ण करतो' असा निष्कर्ष काढायचा, हा तर्कदोष आहे. शिवाय सहभागींचे शिक्षण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक होते.

दुसरी मर्यादा म्हणजे या चक्रात इच्छेला जागाच नाही. प्रयोगशाळेत स्वखुशीने आलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवत नाही. दवाखान्यात मात्र 'इच्छाच होत नाही' ही तक्रार वारंवार येते. हेलन सिंगर कॅप्लन यांनी १९७० च्या दशकात इच्छेची अवस्था जोडून ही उणीव काही अंशी भरून काढली.

तिसरी मर्यादा सरळ रेषेची. रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आरंभी असतेच असे नाही. जवळीक आणि सुखद स्पर्श यांनंतर ती जागी होऊ शकते. हे मान्य केले, तर पूर्वी 'इच्छेचा अभाव' ठरणाऱ्या कित्येक स्त्रिया आजारी ठरत नाहीत.

उपचारातील शहाणपण

१९७० च्या ग्रंथात मास्टर्स-जॉन्सन यांनी आपली उपचारपद्धती मांडली. तिचे पहिले सूत्र असे की, रुग्ण एक व्यक्ती नसून ते नाते आहे. एक पुरुष व एक स्त्री अशी उपचारकांची जोडी दांपत्याला सुमारे दोन आठवडे रोज भेटत असे. संभोगाला सुरुवातीला चक्क मनाई असे. त्याऐवजी कोणतेही लक्ष्य न ठेवता एकमेकांना स्पर्श करायचा आणि त्या संवेदनेकडे लक्ष द्यायचे, हा 'संवेदना-केंद्रित' सराव दिला जाई.

यामागील विचार महत्त्वाचा आहे. 'आपल्याला जमेल ना?' या धास्तीने माणूस स्वतःच्याच शरीराचा प्रेक्षक होतो आणि प्रतिसाद थांबतो. डेव्हिड बार्लो यांनी १९८६ मध्ये यात भर घातली : चिंतेइतकाच, किंबहुना अधिक, घात विचलित झालेले लक्ष करते. म्हणजे बिघाड चक्राच्या एखाद्या अवस्थेत नसून माणूस त्या प्रसंगाला जो अर्थ देतो त्यात असू शकतो. तथापि ही पद्धतीही टीकेपासून सुटली नाही. झिल्बरगेल्ड व इव्हान्स यांनी १९८० मध्ये आक्षेप घेतला की, अपयश कशाला म्हणायचे याचे निकष अस्पष्ट आहेत आणि त्यामुळे निष्कर्षांची पडताळणी कठीण होते. समलैंगिकता 'बदलल्याचा' त्यांचा १९७९ मधील दावा तर आज पूर्णतः अस्वीकार्य मानला जातो.

वर्गीकरणाने काय उचलले?

१९८० च्या डीएसएम-३ मध्ये लैंगिक अकार्यक्षमतेची निदाने चक्राच्या अवस्थांनुसार लावली गेली. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल बाजारात आल्यावर 'अवस्था बिघडली, गोळी द्या' हा दृष्टिकोन बळावला. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे ताठरता येत नसेल, तर औषध निश्चितच उपकारक आहे. पण नात्यातील अबोला गोळीने सुटत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ ने स्त्रियांमधील इच्छा व उत्तेजना यांच्या समस्या एकत्र केल्या, बहुतेक निदानांसाठी सुमारे सहा महिन्यांचा कालावधी आणि व्यक्तीला होणारा त्रास हे निकष ठेवले. आयसीडी-११ ने लैंगिक आरोग्यासाठी स्वतंत्र प्रकरण करून शरीर आणि मन यांतील कृत्रिम भिंत काढली. या दोन्ही सुधारणा योग्य दिशेने आहेत.

भारतीय संदर्भ

'धातू जाते' ही तक्रार घेऊन येणारा तरुण या आलेखावर कोठे बसवायचा? थकवा, उदासी, स्मरणशक्ती कमी झाल्याची भावना हे सारे तो वीर्यनाशाशी जोडतो. त्याचा शारीरिक प्रतिसाद बहुधा व्यवस्थित असतो; त्रास श्रद्धेतून आणि भीतीतून येतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. मात्र हा केवळ भारतीय मनाचा दोष मानणे चूक ठरेल. अठराव्या शतकात स्विस वैद्य तिसो यांनी हस्तमैथुनाने शरीर खंगते असे लिहून युरोपभर हीच भीती पसरवली होती.

अशा व्यक्तीला बहुतेकदा माहिती आणि आश्वासन यांची गरज असते. जॅक ॲनन यांच्या १९७६ च्या प्रारूपात उपचाराच्या चार पायऱ्या आहेत : मोकळेपणाने बोलण्याची मुभा, मर्यादित माहिती, विशिष्ट सूचना आणि सखोल उपचार. मराठी वाचकाला पहिल्या दोन पायऱ्या अपरिचित नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून, खटले सोसून, हेच काम केले.

शब्दाचा प्रश्न

मराठी अभ्याससाहित्यात या घटकाला अनेकदा 'लैंगिक विकृती' असे शीर्षक असते. 'डिसऑर्डर'चा पर्याय म्हणून 'विकृती' शब्द रूढ झाला, परंतु बोलीत त्याचा अर्थ हिडीस वर्तन असा होतो. संभोगाच्या वेळी योनिमार्गाचे स्नायू आपोआप आकसून वेदना होणारी नवविवाहिता आणि दुसऱ्याच्या संमतीविना त्याच्यावर लैंगिक कृत्य लादणारा, हे दोघे एकाच शीर्षकाखाली येतात. आपल्या वेदनेचे नाव पुस्तकात असे वाचणारी स्त्री मदत मागायला पुढे येईल का? 'नपुंसक' या शब्दाचेही तेच. 'लैंगिक समस्या' किंवा 'लैंगिक अकार्यक्षमता' हे शब्द अधिक अचूक आहेत आणि कोणाला दुखावतही नाहीत.

निष्कर्ष

कामप्रतिसाद-चक्र शरीराचे वर्णन म्हणून शिकवावे, निरोगीपणाचे माप म्हणून नव्हे. शारीरिक तपासणी, नात्याची स्थिती, व्यक्तीची समजूत आणि तिने वापरलेले शब्द यांचा एकत्रित विचार झाल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. 'चक्रात कोठे बिघाड झाला?' हे विचारण्याआधी 'तुम्हाला नेमका कशाचा त्रास होतो, आणि तो कशामुळे होतो असे तुम्हाला वाटते?' हे विचारायला विद्यार्थ्याने शिकावे.

स्वाध्याय

१. मास्टर्स-जॉन्सन यांच्या नमुनानिवडीतील दोष स्पष्ट करा.
२. धात सिंड्रोम कामप्रतिसाद-चक्राच्या चौकटीत का बसत नाही, याची चर्चा करा.